रेंजफाइंडरवर अल्ट्रा-वाइड घेताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी कसब्यात किंवा शनिवारवाड्याच्या आसपास कॅमेरे घेऊन फिरणारी मंडळी भेटतातच. त्यांतल्या एखाद्याच्या गळ्यात रेंजफाइंडर असतो, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघायचा आणि तिथली दोन चित्रं जुळवून फोकस करायचा कॅमेरा. हल्ली त्यावर नवीकोरी १५ किंवा १२ मिलिमीटरची अल्ट्रा-वाइड लेन्स असते; आकडा जितका लहान तितकं दृश्य रुंद. "ही का घेतली?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "पेठेत मागे सरकायला जागाच नाही हो, ३५मध्ये वाडा मावत नाही." वर्ष सरायच्या आत तीच लेन्स विकायला निघते. हे इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच टाकतो.

"मावत नाही" म्हणून घेणं

मूळ चूक हीच, बाकीच्या बऱ्याचशा हिच्याच पोटातून निघतात. अल्ट्रा-वाइडमध्ये सगळं मावतं, पण तेवढंच ते बारीकही होतं. ज्या जागेवरून ३५ला शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा चौकट भरून उभा असतो, त्याच जागेवरून १५ला तो उंचीनं निम्म्याहून कमी होतो. मग उरलेल्या जागेत काय येतं? वर पांढरं आभाळ, खाली फरशी, आणि गाव पुणं असल्यामुळे दुचाक्या. कॅमेरा डोळ्याला लावून सरळ धरला की क्षितिज चौकटीच्या मधोमध येतं, म्हणजे खालचा अख्खा अर्धा भाग जमिनीचा. त्या अर्ध्या भागात काय ठेवायचं हे अजून ठरवता येत नसेल, तर २८पेक्षा रुंद लेन्स घेऊ नका. २८ची चौकट लायका कंपनीच्या बऱ्याच एम रेंजफाइंडर बॉडींच्या फाइंडरमध्येच, म्हणजे बघायच्या खिडकीतच असते; त्याहून रुंद लेन्सला सहसा लागतो तसा बाहेरून बसवायच्या वेगळ्या फाइंडरचा खर्च नाही.

ही लेन्स जवळ जाण्यासाठी आहे. महात्मा फुले मंडई घ्या. १८८६ची दगडी इमारत, मधोमध अष्टकोनी मनोरा. रस्त्यापलीकडून १५नं काढलीत तर मनोरा काडीएवढा दिसतो. त्यापेक्षा बाहेरच्या एखाद्या भाजीवाल्या मावशींना विचारून कोथिंबिरीच्या जुड्यांपासून हात-दीड हातावर बसा. मुळांना चिकटलेली ओली माती, तराजूचं पारडं, जुडी बांधणारी बोटं हे सगळं पुढे, आणि त्यांच्या डोक्यावरून वर गेलेला मनोरा मागे. इथे खालचा अर्धा भाग ओझं वाटत नाही, फोटो त्याच्यावरच उभा राहतो.

कॅमेरा वर उचलून वाकवणं

याबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या चुकीनं माझा एक फोटो कायमचा गेला.

सदाशिव पेठेतल्या एका गल्लीत दुमजली वाडा होता. खाली ओटा, वर लाकडी सज्जा, त्याला आधाराचे कोरीव हस्त, माथ्यावर कौलं. बिल्डरचा फलक लागला होता. ओट्यावर बसलेले काका म्हणाले, "काढून घ्या हो, आता काही दिवसांचाच आहे." माझ्याकडे १५ होती. गल्ली अशी की समोरच्या भिंतीला पाठ टेकवली तरी वाडा जेमतेम सहा मीटरवर. कॅमेरा आडवा, सरळ धरला तर कौलं कापली जात होती. मी तो वर वाकवला, कौलं आली, आणि "रेषा घरी सरळ करू" म्हणून पुढे गेलो.

घरी स्कॅन उघडला तर सगळे खांब आत झुकलेले. सॉफ्टवेअरमध्ये उभ्या रेषा सरळ केल्या की वरचा भाग ताणला जातो आणि चित्र खाली अरुंद, वर रुंद होतं. त्यातून पुन्हा आयत कापायचा म्हणजे दोन्ही बाजू गमवायच्या. माझ्या फोटोत डाव्या टोकाचा सज्जा गेला, उजवीकडचे हस्त अर्धे राहिले. जे उरलं त्यात कौलांच्या जागी फिल्मचे दाणे फुगलेले. पुन्हा काढू म्हणून दोन आठवड्यांनी गेलो, तर पत्रे लागले होते आणि आत ढिगारा होता.

सगळ्यात लागतं ते हे की त्याच जागेवरून, त्याच लेन्सनं अख्खा वाडा सरळ रेषांसह आला असता. हिशोब अगदी साधा आहे. कॅमेरा सरळ धरला की डोळ्याच्या पातळीच्या वर किती दिसणार हे अंतरावर ठरतं. २१ आडवी धरली तर दर मीटर अंतरामागे ०.५७ मीटर, उभी धरली तर ०.८६. १५ आडवी धरली तर ०.८, उभी धरली तर १.२. त्यात डोळ्याची उंची, साधारण १.६ मीटर, मिळवा. सहा मीटरवरून १५ आडवी म्हणजे ६.४ मीटर. उभी म्हणजे ८.८. वाडा आठच्या आसपास होता. कॅमेरा उभा धरून शेजारी शेजारी दोन फ्रेम काढल्या असत्या, तर काम झालं होतं. खाली रस्ता जास्त आला असता, तो नंतर कापता येतो. कापून गेलेला सज्जा परत येत नाही.

तेव्हापासून हे चार आकडे मी एका चिठ्ठीवर लिहून फाइंडरच्या डबीत ठेवले आहेत. नव्या गल्लीत आधी पावलं मोजतो, मग लेन्स ठरवतो. दुसरा उपाय त्याहून चांगला: समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर जा. इमारतीच्या निम्म्या उंचीवरून कॅमेरा सरळ ठेवला की खालची जमीन कमी होते, वरची कौलं येतात आणि १५च्या जागी २१ पुरते. त्यासाठी बेल वाजवावी लागते, आपण कोण आणि फोटो कशाला हवाय ते सांगावं लागतं, आणि दुपारी एक ते चार बेल वाजवायची नसते. आजवर मला बहुतेक घरांनी गॅलरीत उभं राहू दिलंय. "सॉफ्टवेअर आहे ना" म्हणणाऱ्या मुलांना ही दहा मिनिटं द्यायची नसतात, याचं मला फार वाईट वाटतं. वाडे त्यांच्यासाठीही थांबणार नाहीत.

सरळ म्हणजे खरंच सरळ. १५ला एका अंशाचा तिरकेपणाही खांबात दिसतो. बॉडीत इलेक्ट्रॉनिक लेव्हल नसेल तर बुडबुड्याची लेव्हल घ्या. पण कॅमेऱ्याच्या माथ्यावरची खाच, म्हणजे शू, एकच असतो आणि त्यावर फाइंडर बसतो, म्हणून ज्याच्या आतच बुडबुडा दिसतो असा फाइंडर मिळाला तर सोडू नका.

फाइंडरमध्ये स्पष्ट दिसतंय म्हणजे फोकस आहे, असं मानणं

बाहेरचा फाइंडर फक्त चौकट सांगतो. त्यात सगळं कायमच स्वच्छ दिसतं, लेन्सवर टोपी असली तरीसुद्धा. एसएलआर (लेन्समधूनच बघायचा, आरशाचा कॅमेरा) किंवा मोबाइलवरून आलेल्यांना हे कळायला एक रोल जातो.

माझा गेला तो मंडईतच, थंडीतल्या पहाटे. १९९९ साली आलेली व्हॉइग्टलँडर कंपनीची पहिली १५ एफ ४.५ (एफचा आकडा लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा, मोठा आकडा म्हणजे लहान छिद्र) रेंजफाइंडरला जोडलेलीच नव्हती. अंतर लेन्सवरच्या आकड्यांनीच लावायचं. बॅगेतून काढताना रिंग अर्ध्या मीटरवर सरकली होती आणि उजेड कमी म्हणून छिद्र पूर्ण उघडं. अशा वेळी सत्तर सेंटिमीटरच्या पलीकडे काहीच धारदार येत नाही. ३६ फ्रेम. ट्रकमधून उतरणारी फ्लॉवरची पोती, बिडी पेटवणारे हमाल, सगळं मऊ.

आता एफ ८ आणि एक मीटर ही माझी ठरलेली जागा आहे. १५ला त्यात साधारण अर्ध्या मीटरपासून अनंतापर्यंत येतं. २१ला त्याच एफ ८वर १.९ मीटर लावायचं, मग एक मीटरच्या थोडं अलीकडून पुढचं सगळं येतं. रिंगवर त्या जागी इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी चिकटवली आहे, अंगठ्याला अंधारातही लागते. ६० मेगापिक्सेलच्या बॉडीवर मोठे प्रिंट काढायचे असतील तर हे आकडे पुरत नाहीत; तिथे १५ला १.९ मीटर आणि २१ला ३.७ मीटर धरा. मोकळ्या चौकात तर सरळ अनंताच्या जवळच ठेवा.

जवळच्या विषयाला आणखी एक अडचण. फाइंडर लेन्सच्या सहा-सात सेंटिमीटर वर असतो. लकडी पुलावरून नदी काढताना फरक पडत नाही, कोथिंबिरीच्या जुडीला पडतो. चौकट ठरली की क्लिक करण्याआधी मी कॅमेरा न वाकवता तेवढाच वर उचलतो, म्हणजे डोळा होता तिथे लेन्स येते.

आणि बजेट मांडताना फाइंडर लेन्सच्या किमतीतच धरा. तो नंतर घेऊ म्हणणारे सहा महिने अंदाजानं फोटो काढतात आणि लेन्सला दोष देतात. २०१२च्या लायका एम २४०पासून पुढच्या बहुतेक डिजिटल एममध्ये लाइव्ह व्ह्यू, म्हणजे लेन्सचं चित्र मागच्या पडद्यावर बघायची सोय आहे, तिथे हा खर्च वाचू शकतो.

फिल्मवरची कीर्ती वाचून डिजिटलसाठी घेणं

रेंजफाइंडरमध्ये आरसा नाही, त्यामुळे जुन्या वाइड लेन्सचा मागचा भिंगसमूह फिल्मच्या अगदी जवळ जातो. सरळ रेषा सरळ राहतात त्या बऱ्याच अंशी या रचनेमुळे. पण कडांना प्रकाश फार तिरका पडतो. फिल्मला त्याचं विशेष वाटत नाही, फक्त कोपरे काळवंडतात. डिजिटल सेन्सरवर त्याच कडा जांभळ्या किंवा हिरवट होतात. झाइस कंपनीची सी बियोगॉन २१ एफ ४.५ ही लेन्स हे याचं ठळक उदाहरण: फिल्मवर आणि कृष्णधवलमध्ये अप्रतिम, रंगीत डिजिटलवर त्रासदायक. व्हॉइग्टलँडरनं २०१५ला १५ची तिसरी आवृत्ती आणली ती डिजिटल डोळ्यापुढे ठेवून. ती आकारानं मोठी झाली, पण कडा सुधारल्या. सोनीच्या ए७ या मिररलेस कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरणार असाल तर रंगाखेरीज कोपरे फासटल्यासारखेही होतात, कारण तिथे सेन्सरवरची काच जाड असते.

लेन्स आधीच घेऊन बसला असाल तर उपाय आहे. पाट्या बनवणाऱ्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा तळहाताएवढा तुकडा आणा. फोटो काढल्यावर लगेच, छिद्र आणि फोकस न हलवता, तो लेन्सपुढे धरून एक कोरी फ्रेम घ्या आणि लाइटरूम सॉफ्टवेअरच्या फ्लॅट-फील्डमध्ये (कोऱ्या फ्रेमवरून कडांचा रंग आणि उजेड सारखा करणारी सोय) दोन्ही द्या. मी प्रत्येक जागी हे करतो. कंटाळा येतो, तरी करतो.

बाकीच्या, थोडक्यात

पोलरायझर (आभाळ गडद करणारा फिल्टर) लावू नका. एवढ्या रुंद चौकटीत आभाळावर गडद पट्टा उमटतो आणि रेंजफाइंडरमधून तो दिसतही नाही. जाड रिंगचा यूव्ही फिल्टर कोपरे खातो. एफ १६ कशालाही लागत नाही. माणसं आणि घुमट कोपऱ्यात ठेवू नका, अंड्यासारखे ताणले जातात. आभाळ जास्त आलं की उजेड मोजणारा मीटर फसतो, म्हणून कॅमेरा जमिनीकडे करून माप घ्या. डावा हात लेन्सच्या खालून धरा, नाहीतर बोटं येतात. कॅमेऱ्याचा पट्टाही चौकटीत येत नाही ना, बघा.

मग घ्यायची कोणती?

पहिली २१, हे माझं मत कायम आहे. एफ ४ची लहान, स्वस्त लेन्स पुरते. शहराचं काम एफ ८ला होतं, एफ १.४च्या लेन्सचा गोळा फाइंडरचा मोठा भाग झाकतो आणि दिवसभर मान ओढतो. वर्षभर २१ वापरा. ती उभी धरूनही अडलेले फोटो वहीत टिपून ठेवा. ते वीस झाले तर १५ घ्या. १२ मिलिमीटर, म्हणजे १२१ अंश, माझ्या वहीत आजवर एकदाही लागलेली नाही.

वापरलेली घेताना दुकानात तीन गोष्टी करा. छिद्र पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद कपाटात राहिलेल्या काचेवर बुरशीचे तंतू कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. स्वतःची बॉडी नेऊन अगदी लांबवरच्या एखाद्या इमारतीवर रेंजफाइंडरची दोन चित्रं जुळतात तिथे लेन्सवर अनंताची खूण येते का ते बघा. स्क्रू माउंटची, म्हणजे आटे फिरवून बसवायची लेन्स असेल तर अडॅप्टरसकट बघा. मग दाराबाहेर येऊन एफ ८ला समोरच्या खिडक्यांचा फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून एकमेकांशी ताडून पाहा. एकच कोपरा मऊ असेल तर लेन्स परत द्या, दुकानदार कितीही कमी करून देत असला तरी.