नैराश्याची गोळी सोडताना: शेवटचा तुकडा सगळ्यात सावकाश

नैराश्याची गोळी मी पहिल्यांदा सोडली ती मे महिन्यात, एका दिवसात, कोणालाही न विचारता. वर्षभर १० मिलीग्रॅम एस्सिटॅलोप्राम चालू होती. झोप नीट लागत होती, कामात मन रमत होतं. त्यात इथल्या, नागपूरच्या महाल भागातले काका आले की दर वेळी विचारायचे, "अजून काहून घेतेस त्या गोळ्या?" तिसऱ्या दिवशी डोकं गरगरायला लागलं. मान वळवली की डोक्यात बारीकसा करंट लागल्यासारखं व्हायचं. बाहेर पारा ४५ च्या आसपास, त्यामुळे आई म्हणाली, ऊन लागलं. चार दिवस मी कैरीचं पन्हं पीत पडून राहिले. तो उन्हाचा त्रास नव्हता, गोळी एकदम तोडल्याचा होता. दुसऱ्यांदा तीच गोळी मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठ महिन्यांत थोडी थोडी कमी करत सोडली. ती कशी, ते सांगते.

आधी वेळ ठरवा

बरं वाटायला लागलं म्हणून लगेच गोळी सोडायची नसते. पहिल्यांदाच नैराश्य आलं असेल, तर पूर्ण बरं वाटू लागल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवायला सांगतात. ते परत परत येऊन गेलं असेल, तर दोन वर्षं किंवा त्याहून जास्त. म्हणून पहिली पायरी डॉक्टरांची भेट. खाजगी डॉक्टर परवडत नसतील तर नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स किंवा प्रादेशिक मनोरुग्णालय ही सरकारी रुग्णालयं आहेत. "मला गोळी कमी करायची आहे, कशी करू?" असं सरळ विचारा. गरोदर असाल किंवा तशी तयारी असेल, तर तेही आधीच सांगा.

परीक्षा, नोकरी बदलणं, घरातलं लग्न अशा धामधुमीत सुरुवात नको. आणि नागपूरकरांनी उन्हाळाही टाळावा असं माझं ठाम मत आहे. या गोळ्यांनी अनेकांना घाम जास्त येतो, त्यात मे महिन्याची चक्कर उन्हाची की गोळीची हे कळत नाही. मी पाऊस स्थिरावल्यावर, जुलैमध्ये सुरुवात केली.

पाकिटावरची नावं वाचा

ही गोष्ट कृपा करून वगळू नका. आपल्याकडे एकाच गोळीत एस्सिटॅलोप्राम आणि क्लोनाझेपाम अशी दोन औषधं सर्रास मिळतात. क्लोनाझेपाम हे घबराट कमी करणारं, गुंगी आणणारं औषध; ते बराच काळ घेऊन अचानक बंद केलं, तर फिट येऊ शकते. अशी जोडगोळी असेल तर कोणतं औषध आधी कमी करायचं आणि कसं, हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

नैराश्याच्या औषधागणिक फरकही असतो. पॅरोक्सेटिन आणि वेनलाफॅक्सिन शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून ती सोडताना त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन अनेक दिवस, कधी आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते तुलनेने सोपं जातं.

निम्मी गोळी म्हणजे निम्मा परिणाम नव्हे

मला हे आधी कोणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. आपल्याला वाटतं, १० वरून ५ म्हणजे अर्धी वाट संपली. पण मेंदूत हिशेब वेगळा चालतो. सिटालोप्राम हे याच घराण्यातलं औषध. त्याच्या २० मिलीग्रॅमला मेंदूतलं सेरोटोनिन (मनःस्थितीशी जोडलेलं रसायन) उचलणाऱ्या जागांपैकी सुमारे ८० टक्के व्यापल्या जातात, आणि ५ मिलीग्रॅमला अजूनही जवळजवळ ६० टक्के. म्हणजे २० वरून ५ वर येताना उतार सौम्य असतो, आणि ५ वरून शून्यावर येताना कडाच. २०१९ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्री या वैद्यकीय नियतकालिकात हा हिशेब मांडला गेला, तेव्हापासून शेवटच्या पायऱ्या लहान ठेवण्याचा सल्ला जास्त ठळकपणे दिला जातो.

माझा क्रम असा होता: ७.५ वर चार आठवडे, ५ वर सहा, २.५ वर आठ, मग ५ च्या गोळीचा पाव भाग आठ आठवडे. तुमचा क्रम वेगळा असेल, तो डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधाच्या दुकानात गोळी कापायचं कटर मिळतं. द्रवरूप औषध मिळत असेल तर शेवटी त्याने मोजणं जास्त अचूक होतं. मात्र हळूहळू विरघळणारी गोळी कापू किंवा कुटू नका. एक दिवसाआड घेण्याची युक्तीही नको, त्याने रक्तातली मात्रा रोज वरखाली होते.

त्रास गोळीचा की आजाराचा?

करंट, चक्कर, मळमळ, भडक स्वप्नं, विनाकारण चिडचिड हे मात्रा कमी केल्यावर काही दिवसांतच सुरू झालं, तर बहुतेकदा ते गोळी सुटल्याचं असतं. आजार परततो तो सहसा काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, दबक्या पावलांनी. ओळखायला सोपं जावं म्हणून मी कालनिर्णयाच्या चौकोनात रोज दोन आकडे लिहायचे, मनाचा आणि झोपेचा, दहापैकी.

पाव गोळीवर आल्यावर मला पुन्हा गरगरलं. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी परत २.५ वर जायला सांगितलं. तीन दिवसांत उतार पडला. महिनाभर तिथेच थांबले, मग पुन्हा पाव. एक पायरी मागे गेल्याने काही बिघडत नाही. दारू मात्र या काळात नकोच.

जीव नकोसा वाटला, स्वतःला इजा करावीशी वाटली, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. लगेच डॉक्टरांना किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

शेवटचा तुकडा होळीच्या आधी संपला. त्यानंतरही मी दोन भेटी ठेवल्या, एक महिन्याने आणि एक तीन महिन्यांनी. आणि ताईला तीन खुणा सांगून ठेवल्या आहेत: पहाटे चारला जाग येणं, जेवण टाकणं, फोन न उचलणं. दोन आठवडे सलग दिसल्या तर तिने माझ्यासाठी डॉक्टरांची वेळ घ्यायची, मला न विचारता.