पिस्तुलावर रेड डॉट लावताय? आधी पावसाळा आठवा

ठाण्यात माझ्याकडे एअर पिस्तुल शिकायला येणारी पोरं हल्ली पहिल्याच महिन्यात विचारतात, "सर, रेड डॉट लावू का?" रेड डॉट म्हणजे काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट, नेम धरायचं साधन. स्पर्धेसाठी नको. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या पिस्तुल प्रकारांत साध्या साइटच चालतात. सरावाला मात्र जरूर लावा. ट्रिगर दाबताना बोट जरा आडवं गेलं की ठिपका टुणकन बाजूला उडतो, आणि ते पोराला स्वतःलाच दिसतं. मला ओरडावं लागत नाही.

घेताना आधी ठिपक्याचा आकार बघा. तो एमओए या कोनाच्या मापात मोजतात. १ एमओए म्हणजे १०० मीटरवर साधारण २९ मिलिमीटर, १० मीटरवर २.९. आपल्या १० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ आहे ११.५ मिलिमीटरचं. ३ एमओएचा ठिपका त्यात जेमतेम मावतो, ६चा आख्खं वर्तुळ गिळतो. मोठा ठिपका पटकन सापडतो म्हणून दुकानदार तोच गळ्यात मारतात. सापडतो खरा, पण त्याचा उपयोग वेगाच्या नेमबाजीत.

ठिपका फुटलेला किंवा शेपटीवाला दिसला तर लगेच साइट परत करू नका. ठिपक्याचा उजेड कमी करा आणि काचेतून मोबाइलने फोटो काढा. फोटोत गोल आला तर साइट ठीक आहे, डोळ्याला सिलिंड्रिकल नंबर असणार. चष्मेवाल्याकडे जा.

उघडी की बंद? उघड्या साइटमध्ये मागचा छोटा दिवा समोरच्या काचेवर प्रकाश टाकतो. मध्ये पाण्याचा थेंब किंवा धूळ आली की ठिपका बिघडला. बंद साइटमध्ये दिवा दोन काचांच्या आत असतो. महाग पडते, पण आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत मी तीच सांगेन. बॅटरी वरून किंवा बाजूने बदलता येणारी घ्या. खालून असेल तर दरवेळी साइट उतरवा आणि पुन्हा झीरो करा, म्हणजे गोळी ठिपक्यावरच लागेल अशी जुळवा, नसता उद्योग.

बेसही तपासा. बऱ्याच एअर पिस्तुलांना ११ मिलिमीटरची रेल, म्हणजे साइट बसवायची पट्टी असते आणि साइट पिकाटिनी नावाच्या रुंद, खाचांच्या रेलची येते. स्प्रिंगवालं पिस्तुल असेल तर साइट त्याचा झटका सोसणारी आहे ना, ते विचारा. तो पुढे आणि मागे दोन्हीकडे बसतो.

बसवताना पिस्तुल रिकामं आहे हे दोनदा बघा. स्क्रू आणि भोकातलं तेल पुसा, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या डिंकाचा) एक थेंब लावा, पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कइतकंच, म्हणजे तेवढ्याच जोराने आवळा. मग स्क्रूच्या डोक्यावरून बॉडीवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू फिरला. बहिणीची बाटली न विचारता उचलू नका!

पावसाळ्यात फोमच्या केसमध्ये साइट महिनोन्‌महिने ठेवली की फोम ओल धरतो आणि काचेवर बुरशी येते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. काच टी-शर्टने पुसायची नाही. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर. बंदुकीचं तेल फवारताना काच झाका.

बॅटरी मी खंडेनवमीला बदलतो, चालू असली तरी. पूजेचं हळदकुंकू ग्रिपला लावा, काचेला नको. परीक्षांमुळे सराव बंद राहणार असेल तर बॅटरी काढूनच ठेवा, गळली तर आतले पत्रे खाते. परत घातल्यावर आधी कागदावर पाच गोळ्या मारून झीरो जागेवर आहे का बघा.