कोयना भरतेय म्हणून पेरणीची पाभर जोडू नका

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळकडच्या शेतकऱ्यांनो, रोहिणीचा किंवा मृगाचा एखादा सडाका पडला म्हणून पेरू नका. सगळं शिवार पेरायला लागलं तरी तुम्ही थांबा. सातारा-सांगलीच्या या पूर्व पट्ट्यात पिकं जाताना मी बरीच वर्षं पाहतोय. किडीने जेवढी गेली नाहीत तेवढी वरच्या ओलीवर पेरून गेली.

टीव्हीवर कोयनेचं पाणी वाढल्याची बातमी येते आणि आपल्याकडे लगबग सुरू होते. खरं तर ती बातमी आपल्यासाठी धोक्याची आहे. अरबी समुद्रावरून आलेला वारा सह्याद्रीवर चढतो, थंड होतो आणि पाणी तिथंच टाकतो. घाट उतरून आपल्याकडे येताना तोच वारा तापत आणि कोरडा होत जातो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला पाचशेच्या आसपास. कोयना जोरात भरत असते तेव्हा आपल्या रानात पश्चिमेचा वारा रात्रंदिवस भणभणतो आणि वरची दोन बोटं माती एका दिवसात वाळवून टाकतो.

आपल्याला जून महिन्यात मिळतो तो बहुतेक वळवाचा पाऊस. दुपारी रान तापतं, ढग उभा राहतो, विजा कडाडतात. एका गावात ओढे वाहतात आणि शेजारच्या वाडीत धूळही बसत नाही. त्यामुळे जिल्ह्याचा आकडा तुमच्या रानाला लागू पडत नाही. आपला भरवशाचा पाऊस बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार होऊन तो इकडे सरकला की येतो, आणि तोही जास्त करून उत्तरा-हस्तात, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे.

पाऊस लवकर आला म्हणजे टिकला असंही नाही. २०२५ साली मान्सून २६ मे रोजी मुंबईत पोचला आणि पुढे जून महिन्याच्या मध्यापर्यंत अडून राहिला. २०२३ साली तो मुंबईला २५ जून रोजी आला आणि ऑगस्ट महिना देशाच्या बहुतेक भागात कोरडा गेला.

वीस-पंचवीस मिलिमीटरवर पेरलेली बाजरी चौथ्या दिवशी उकरून पाहिली होती. कोंब दोरीसारखा वाकडा होऊन मातीच्या कडक पापुद्र्याखाली अडकलेला. मूळ बोटभर खाली गेलेलं, त्याच्या खाली कोरडी भुकटी. चिमटीत धरलं तर टोक तुटून हातात आलं. बी चांगलं होतं, पेरणीही सरळ होती, फक्त खाली ओल नव्हती.

कृषी विभाग ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर पेरा म्हणतो. तो मोजायला सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा उघड्या रानात ठेवा आणि रोज सकाळी पट्टीने पाणी मोजून वहीत लिहा. मग कुदळ घ्या. रानात तीन-चार ठिकाणी हातभर खोदा. वरची आणि खालची ओल एकमेकींना भिडली पाहिजे, मध्ये कोरडा पट्टा दिसता कामा नये. तो दिसला तर डब्यात ८० मिलिमीटर भरलेले असले तरी थांबा.

हा माझा अंदाज आहे, शास्त्र म्हणून घेऊ नका: दिवस मावळल्यावरही पश्चिमेचा वारा पडत नसेल तर मी अजून चार दिवस थांबतो. वारा पडून पूर्वेकडे ढग दाटू लागले तर पाभर तयार ठेवतो.

दुकानात सांगतील की अमुक जेल टाका, तमुक टॉनिकची बीजप्रक्रिया करा, कोंब ताण सोसेल. ७५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला तीन लाख लिटर पाणी. पावकिलोची पुडी ते कुठून आणणार? तोच पैसा बांध दुरुस्तीला घाला.

बाकीची कामं:

– बाजरी: एकरी दीड किलो बी, खोली २ ते ३ सेंमी.
– १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरीचं बी टाका. तरंगलेलं बी काढून टाका, उरलेलं दोनदा धुवून सावलीत वाळवा.
– अ‍ॅझोस्पिरिलम (जिवाणू खत) किलोभर बियाला २५ ग्रॅम चोळा.
– मूग, उडीद जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. तूर १५ जुलैपर्यंत. बाजरी जुलैअखेरपर्यंत चालते.
– पेरणी उताराला आडवी.
– घरचं बी असेल तर शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण बघा.

म्हणजे बाजरीला घाई नाहीच. पंधरा दिवस थांबून थोडं उत्पन्न घटेल, पण दुबार पेरणीत बियाणं, खत आणि मजुरी तिन्ही पुन्हा जातात. मंगळवारी आणि शुक्रवारी हवामान खात्याचा कृषी सल्ला निघतो, तो पाहा. मात्र शेवटचा निर्णय डबा आणि कुदळ बघून घ्या.

ज्यांनी पेरून टाकलंय त्यांनी उगवणीच्या वेळी माती धरली असेल तर बाभळीची फांदी रानावरून हलकी ओढावी, पापुद्रा फुटतो. उगवण निम्म्यापेक्षा कमी असेल तर तुटाळ्या (न उगवलेल्या मोकळ्या जागा) भरत बसू नका. ते रान मोडा आणि ओलीला ओल मिळेपर्यंत तसंच ठेवा. ज्यांनी अजून पेरलं नाही त्यांनी एकदम सगळं रान पेरू नये. निम्मं बियाणं घरात राहू द्या.