रात्रीच्या गाडीत सामान सांभाळताना या चुका टाळा

लग्नसराईत महालक्ष्मी एक्सप्रेसनं मुंबईला, बालाजीला हरिप्रियानं, विदर्भात जायचं तर महाराष्ट्र एक्सप्रेसनं. कोल्हापूरकराला रात्रीचा रेल्वेप्रवास काही चुकत नाही. आणि बॅग गेली की घरचे पहिलं वाक्य हेच म्हणतात, "रेल्वेवर केस टाकू, भरपाई मिळंल." सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे ही समजूत.

रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १०० प्रमाणे, पावती घेऊन रेल्वेच्या ताब्यात दिलेल्या सामानाचीच जबाबदारी रेल्वेवर येते. तुम्ही सोबत बाळगलेली बॅग गेली, तर रेल्वेच्या माणसाचा हलगर्जीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागतो. एका व्यापाऱ्यानं कमरेच्या पट्ट्यात ठेवलेले १ लाख रुपये गाडीत चोरीला गेले होते. ग्राहक मंचानं त्याच्या बाजूनं निकाल दिला, पण जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. प्रवाशाला स्वतःचं सामान सांभाळता आलं नाही, तर ती रेल्वेच्या सेवेतली त्रुटी धरता येणार नाही, असं न्यायालयानं सांगितलं.

म्हणून आरक्षित डब्यात विनाआरक्षण माणसं शिरून दाराशी, सीटखाली बसली असतील तर "जाऊ दे, पुढच्या स्टेशनला उतरतील" म्हणून गप्प बसू नका. टीसीला सांगा, आणि रेल्वेच्या १३९ या हेल्पलाइनवर किंवा रेलमदद ॲपवर तक्रारही टाका. तक्रारीचा नंबर मिळतो, तो जपून ठेवा. पुढं काही घडलंच, तर तुम्ही आधी कळवलं होतं आणि कुणी हललं नाही, हे दाखवायला तोच कामाला येतो. हलगर्जीपणा सिद्ध करायचा तो असाच, हातात कागद ठेवून.

साज, ठुशी आणि खिडकी

आपल्याकडच्या बायकांना लग्नाला जाताना दागिने अंगावर घालूनच निघायची सवय आहे. बॅगेत ठेवण्यापेक्षा अंगावर बरे, हा विचार दिवसा ठीक आहे. स्लीपरच्या डब्यात उघड्या खिडकीकडे डोकं करून झोपलेल्या बाईच्या गळ्यातला साज मात्र बाहेरून हात घालून ओढता येतो. गाडी सिग्नलला थांबली किंवा फलाटातून हळू निघाली की हे घडतं, आणि ओरडेपर्यंत गाडीनं वेग घेतलेला असतो. गळ्याला जखम होते ती वेगळीच. रात्री शटर पाडून त्याची खिट्टी लावा. दागिने छोट्या पाऊचमध्ये घालून कपड्यांच्या आत, अंगालगत ठेवा. साईड लोअरवर झोपणाऱ्यानं तर खिडकीची खात्री केल्याशिवाय आडवं होऊच नये.

पर्स उशाखाली ठेवली की सुरक्षित, हाही भ्रमच. गाढ झोपेत डोकं जरा सरकलं की ती अलगद निघते. पट्टा हातात अडकवा आणि पर्स पांघरुणाच्या आत घ्या.

कुलूप लावलं, पण कशाला?

खालच्या बर्थखाली साखळी अडकवायला कड्या असतात. बरेच जण साखळी सॅकच्या पट्ट्यातून ओवतात आणि निवांत झोपतात. पट्टा ब्लेडनं कापता येतो, चेनही उघडीच असते. साखळी बॅगेच्या पक्क्या मुठीतून घ्या, दोन्ही चेनच्या खिट्ट्या एकत्र करून वेगळं छोटं कुलूप लावा. लॅपटॉप, रोकड, कागदपत्रं त्या बॅगेत नकोतच.

एसीचा डबा आहे म्हणून साखळी न लावणारे खूप भेटतात. तिथंही चोर तिकीट काढून चढू शकतो आणि चांगल्या कपड्यांत असतो. पडदे आणि अंधार त्याच्याच सोयीचे.

सगळ्यात धोक्याची वेळ पहाटेची. कल्याण, ठाणे, दादरला उतरणारे घाईनं उठतात, सामान दाराशी नेऊन ठेवतात आणि तोंड धुवायला जातात. त्या गर्दीत दुसऱ्याची बॅग उचलून उतरणाऱ्याला कोण अडवणार? एकटे असाल तर गाडी फलाटाला लागेपर्यंत बॅग जागेवरच, साखळीत राहू द्या.

गोड बोलून कुणी प्रसाद, चहा, बिस्कीट पुढं केलं तर नको म्हणा. ओळख दोन तासांची असली तरी. गुंगी आल्यासारखं वाटलं किंवा सोबतचा माणूस उठतच नसेल, तर १३९ लावा, डॉक्टर मागवा आणि उरलेलं खाणं किंवा बाटली फेकू नका.

चोरी झाल्यावरच्या चुका

पहिली म्हणजे तक्रारीसाठी प्रवास मोडावा लागतो असं समजून तक्रारच न करणं. टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे एफआयआरचा फॉर्म मागा. तो भरून द्या, पुढचं ठाणं तो योग्य हद्दीत पाठवतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीतला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. "चोरी कर्जतकडं झाली, तिकडं जा" असं कुणी सांगितलं तर हे कलम नम्रपणे दाखवा.

दुसरी, आरपीएफच्या (रेल्वे सुरक्षा दलाच्या) जवानाला सांगितलं म्हणजे गुन्हा दाखल झाला असं धरून चालणं. चोरीचा गुन्हा लोहमार्ग पोलीस नोंदवतात, आपल्या मार्गावर त्यांचं ठाणं मिरजेला आहे. त्यांची हेल्पलाइन १५१२. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय निघू नका. विमा, पासपोर्ट, नवं सिमकार्ड, सगळीकडे तीच मागतात.

मोबाईल गेला असेल तर आधी बँकेला फोन करून यूपीआय आणि कार्ड बंद करा. मग तक्रारीची प्रत जोडून सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, ब्लॉक करा. हा नंबर *#०६# दाबून आजच लिहून घ्या आणि घरी ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये शोधता येत नाही.

आणि चोरीच झाली असं ठरवण्याआधी शेजारच्या कंपार्टमेंटमध्ये एकदा बघा. सगळ्यांच्याच ट्रॉल्या काळ्या असतात, अदलाबदल होते. विसरलेलं सामान आरपीएफ 'ऑपरेशन अमानत'खाली जपून मालकाला परत करतं, त्यामुळं डबा आणि बर्थ नंबर सांगून तिथंही विचारा. निघण्यापूर्वी बॅगेचा आतून-बाहेरून फोटो काढून घरच्यांना पाठवलेला असेल, तर ओळख पटवायला दोन मिनिटं पुरतात.