माप घेण्याआधी हात बघा

लातूरला दातांची प्रॅक्टिस सुरू करून दोनच वर्षं झाली होती. ऐन मे महिन्यात औशाकडचं एक कुटुंब पाच वर्षांचं लेकरू घेऊन आलं. डोक्यावर ओला पंचा, केस विरळ, वर दोन टोकदार दात, खाली नुसती हिरडी. आई म्हणाली, "याला घामच येत नाही बघा." निम्मं निदान तिनंच केलं होतं. एक्टोडर्मल डिस्प्लाझिया, म्हणजे केस, दात, घामाच्या ग्रंथी जन्मापासूनच नीट तयार न होणं. तिच्या तोंडात पाहिलं, तर पुढचा एक दात खुंटीसारखा बारीक. हा आजार बहुतेकदा एक्स गुणसूत्रावरून, आईकडून मुलाकडे येतो. हे सांगताना सासूबाई शेजारी बसलेल्या नसाव्यात, एवढं भान ठेवा.

कवळीसाठीचं पहिलं माप मी बिघडवलं. टाकीचं पाणी कोमट. ट्रे तोंडात नीट बसायच्या आत अल्जिनेट, म्हणजे माप घ्यायची पाण्यात कालवलेली पावडर, घट्ट झालं. या मुलांना लाळ कमी, त्यामुळे ते हिरडीला चिकटलं आणि पोरानं दवाखाना डोक्यावर घेतला. आता पाणी फ्रिजमधलं वापरतो, आधी चूळ भरायला लावतो. पहिल्या दिवशी माप घेतच नाही, रिकामा ट्रे खेळायला देतो.

टोकदार दात काढायचा मोह होतो. काढू नका. दात नसतात तिथं हाड वाढत नाही, हिरडी सुरीच्या धारेसारखी राहते; ते दोन दात असतात म्हणून तेवढं हाड टिकतं. त्यांच्यावरूनच कवळी बसवा किंवा कॉम्पोझिटनं (दाताच्या रंगाच्या भरावानं) त्यांना आकार द्या. कवळीसाठी दुधाच्या दातांचे तयार सेट सहसा मिळत नाहीत. लॅबवाल्याला मोठे दात घासून लहान करायला सांगावं लागतं.

दात किडलेले नसताना हलून पडत असतील, तर तळहात-तळपाय बघा. कातडी जाड, भेगाळलेली असेल तर पॅपिलॉन-लेफेव्हर या आनुवंशिक आजाराचा संशय घ्या. आईवडील नात्यातले आहेत का, तेही विचारा. आपल्याकडे मामाची मुलगी करतातच. एपिडर्मोलिसिस बुलोसात (कातडी फार नाजूक असते, त्या आजारात) मात्र ओठ ओढलात की फोड आला. ट्रेला, ओठांना, बोटांनाही व्हॅसलिन लावा. कवळीच्या कडा गुळगुळीत हव्यात.

औशाचं पोरगं सात महिन्यांनी परत आलं. आईनं रुमालातून कवळी काढली आणि घाबरत विचारलं, "धुऊन धुऊन आटली का हो?" कवळी तेवढीच होती, पोराचा जबडा वाढला होता. तिच्यासमोरच नवीन माप घेतलं. या वेळी ट्रे त्यानंच धरला होता.