जुन्या पिकअपची टाकी भरताना नोझल सारखं कट होतंय? या चुका टाळा

अर्धा लिटर गेलं की खट्. पुन्हा दाबलं की पुन्हा खट्. मागे गाड्यांची रांग, पंपावरचा पोरगा वैतागलेला, ड्रायव्हर त्याच्यावर डाफरतोय. टाटा 207 किंवा महिंद्राची जुनी पिकअप चालवणाऱ्यांना हे रोजचं आहे, तरी चुका सगळे त्याच करतात.

पहिली म्हणजे पंपाच्या नावानं बोटं मोडणं. त्याच नोझलनं तुमच्या पुढची जीप भरली ना? दुसऱ्या पंपावरही कट होत असेल, तर खोट तुमच्या गाडीत आहे.

नोझलला टाकी भरली की रिकामी, हे कळत नसतं. त्याच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं, त्यातून हवा ओढली जाते. ते भोक डिझेलनं किंवा फेसानं झाकलं की आत व्हॅक्यूम वाढतो आणि खटका पडतो. म्हणजे टाकी निम्मी असली तरी भरणीच्या, म्हणजे जिथून डिझेल ओततात त्या तोंडाशी डिझेल तुंबलं की काम थांबलं. आणि ते तुंबतं, कारण टाकीतल्या हवेला बाहेर निघायला वाट नसते. ती वाट म्हणजे डिझेल टाकीत नेणाऱ्या जाड फिलर पाइपाशेजारचा बारीक ब्रीदर पाइप. गाडीवाले त्याला हिशेबातच धरत नाहीत, आणि खेदानं सांगतो, बरेच मिस्त्रीही धरत नाहीत.

नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेणारी एक पिकअप माझ्याकडे आली होती. एका गॅरेजनं फिलर पाइप नवा टाकलेला, दुसऱ्यानं टाकी उतरवून धुतलेली. तरी तेच. मालक म्हणाले, "सगळं करून झालं मिस्त्री, आता टाकीच बदला." गाडीखाली गेलो तर ब्रीदरच्या जागी कूलरला लावतात तो पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप! डिझेलनं पिवळा पडून काडीसारखा कडक झालेला, आणि टाकी परत चढवताना नेमका बॉडी आणि चासीच्या मध्ये चेमटलेला. टाकी धुणाऱ्यानं बोल्ट कसले, पट्टा आवळला, पण पाइप कुठून जातोय हे हात घालून पाहिलं नाही. डिझेलला चालणारा रबरी होज टाकला, दोन क्लिपा लावल्या, झालं. टाकीची किंमत मी मालकांना मुद्दाम सांगितली, किती वाचले ते कळावं म्हणून.

होज लावताना तो टाकीपासून वर चढता ठेवा. मध्ये झोळ पडला की त्यात डिझेल साठतं आणि हवा पुन्हा अडते. अंगाशी घट्ट वळणही नको. मी तर दोन इंच जास्तच कापतो.

जुना होज बाहेरून चांगला दिसला म्हणून ठेवून देणं, हीसुद्धा नेहमीची चूक. आतला थर कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि डिझेल वाहायला लागलं की आडवा येतो. दोन्ही टोकं सोडवून उजेडाकडे धरा. मी एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्यातून सायकलच्या पंपानं हवा मारतो. बुडबुडे मोकळे आले तर पाइप ठीक. कुंभारमाशीनं तोंडाशी मातीचं घर केलेलंही सापडतं. कंप्रेसर लावायचाच तर पाइप टाकीपासून सोडवूनच लावा. जोडलेल्या पाइपात हवा मारली तर कचरा टाकीत जातो, आणि झाकण बंद असेल तर जुन्या पत्र्याची टाकी फुगते.

भरणीत डिझेलचोरी रोखणारी जाळी बसवली असेल तर ती काढून धुवा. गंजाचा चुरा तिथेच अडकतो.

आता माझ्या डोक्यात जाणारा प्रकार. नोझल कट होतं म्हणून अर्धं बाहेर ओढून तिरकं धरायचं आणि दाबत बसायचं. उडतं, सांडतं, टायरवर जातं. घाई असेल तर पोराला सांगा, ट्रिगर अर्धाच दाब. डिझेलला फेस फार येतो, आणि ट्रकसाठीच्या जोराच्या पंपावर तर जास्तच. हळू भरलं तर एकूण वेळ कमीच लागतो, पण हे घाईवाल्यांना पटत नाही.

खरंच फुल झाल्यावर 'राउंड फिगर करा' म्हणून वर ओतणंही तसलंच. डिझेल ब्रीदरमध्ये चढतं आणि घाटात गळतं. शिवाय 60 लिटर डिझेल 20 अंशांनी तापलं की साधारण एक लिटरनं वाढतं. त्याला जागा हवी.

टाकीत नेहमीपेक्षा कमी मावतंय? खाली वाकून पत्रा दबलाय का बघा, जॅक चुकीच्या जागी लावणारे खूप असतात. मापाची शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं माप असतं, ते मागा. तो ग्राहकाचा हक्क आहे.

झाकण हरवलं म्हणून चिंधी कोंबू नका.

गळती असेल तर टाकी वेल्डिंगला रस्त्याकडेच्या दुकानात नेऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि ठिणगी पडली की टाकी फुटते. 'पाण्यानं धुतलीय' यावर माझा विश्वास नाही, मी टाकी बदलतो.

आणि टाकी उतरवायचं काम असेल तर काटा तळाशी असताना या. फुल टाकी घेऊन येता आणि वर विचारता, दहा मिनिटांत होईल ना?