पंखा मोठा घेण्याआधी डक्टचं तोंड तपासा

ताडपत्री आणि कापडी डक्ट, म्हणजे कूलरची हवा शेडभर नेणाऱ्या कापडी नळ्या, शिवायचं माझं काम नाशिकच्या सातपूरला. एप्रिल लागला की अंबड, सिन्नरकडचे शेडवाले एकच रडगाणं घेऊन येतात: कूलर नवा, मोटर दणकट, पण शेवटच्या मशीनवरच्या माणसाला हवा लागत नाही. मग पंखा मोठा घ्यायचं घाटतं. दाब वाढला की गळतीही वाढते, हे कुणी सांगतच नाही.

हवा सगळ्यात जास्त जाते ती पत्र्याच्या कॉलरपाशी, म्हणजे ज्या गोल गळ्यावर डक्टचं तोंड चढवतात तिथे. ३०० मिलिमीटर व्यासाच्या कॉलरचा घेर साधारण ९४० मिलिमीटर. कापड आणि पत्रा यांत २ मिलिमीटरची फट राहिली तर जवळजवळ १९ चौरस सेंटिमीटरचं भोक झालं. आत १०० पास्कल दाब धरला तर तेवढ्यातून मिनिटाला ३० घनफुटांच्या आसपास हवा बाहेर पडते. असे सहा सांधे आले की हिशेब तुम्हीच करा.

कॉलर निदान चार इंच लांब हवी आणि काठाजवळ बीडिंग (पत्र्याला गोल फिरणारा उंचवटा) काढून घ्यायची, म्हणजे कापड सरकत नाही. त्यावर ट्रकच्या जुन्या ट्यूबची दोन इंची पट्टी, किंचित आखूड कापून ताणून बसवा. ट्यूब ब्यूटाइल रबराची असते, हवा धरून ठेवते. पट्टीची टोकं तिरकी कापून एकमेकांवर आणा, नाहीतर तिथे उंचवटा येतो नि शेजारी फट राहते. मग कापड, आणि बीडिंगच्या मागे होज क्लिप (स्क्रूने आवळायची पत्र्याची पट्टी). कापडाचं तोंड मोठं झालं असेल तर परकराच्या नेफ्यासारखं ओढून बांधू नका. प्रत्येक चुणीखाली हवेला वाट मिळते. तोंड उसवून नीट मापात घ्या.

दोन तुकडे जोडताना पंख्याकडच्या तुकड्याचं तोंड पुढच्याच्या आत जाऊ द्या. उलटं केलं तर हवा काठ उचलते.

आता शिलाई. दोन्ही काठ एकमेकांत दुमडून वरून दोन समांतर शिलाया. टाका ४ मिलिमीटरचा. बारीक टाका म्हणजे मजबूत, हे ब्लाउजला ठीक. कोटिंगच्या कापडावर सुईचं भोक कधीच बुजत नाही, आणि बारीक टाक्याने कापड तिकिटासारखं फाटायला तयार होतं. टाचण्याही नकोत, चिमटे लावा. दोरा पॉलिस्टरचा, सुती ओलीत कुजतो. लटकवायचे लूप शिलाईच्या दुमडीतच घ्या, पोटावर वेगळे शिवू नका.

कापड पीव्हीसीचं असेल तर मी शिवण्यापेक्षा गरम हवेच्या गनने जोडते: दीड इंच एकावर एक, मागोमाग रोलर. आधी कातरणावर करून बघा. थंड झाल्यावर जोड ओरबाडून काढा. कोटिंग सोलून आतले धागे दिसले तर जोड पक्का. दोन्ही थर गुळगुळीत सुटले तर आच कमी पडली.

एचडीपीई (प्लॅस्टिकच्या विणीच्या) ताडपत्रीला कुठलंही सोल्यूशन धड चिकटत नाही, तिथे वेल्डिंगच. पीव्हीसीला त्याच कापडाचं ठिगळ आणि पीव्हीसीचं सोल्यूशन लावा, कडा गोल कापून. कापडी डक्ट टेपवर भिस्त ठेवू नका. १९९८ साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत सांध्यांची वेगवेगळी सीलं तापवून पाहिली, त्यात हीच टेप हरली. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली तिचं काय होतं, ते तुम्ही पाहिलेलंच असेल.

तपासायला रात्र बरी. दिवे बंद करून डक्टमध्ये एलईडी टॉर्च सरकवा. भोकं चांदण्यांइतकी स्पष्ट दिसतात, तिथेच खडूने खूण करा. मग पंखा चालू करून कॉलरभोवती उदबत्ती फिरवा, शिलायांवर साबणाचं पाणी लावा. मात्र काही कापडं मुद्दाम हवा झिरपू देणारी असतात, त्यांना फेस येणारच. विकत घेताना विचारून ठेवा.

पंखा एकदम फुल्ल सोडू नका. मोकळा पडलेला डक्ट फटकन फुगतो, आणि तो हिसका पहिल्यांदा शिलाईलाच बसतो. डँपर, म्हणजे हवा कमी-जास्त करायची झडप, हळू उघडा.

मृग लागून कूलर बंद झाले की डक्ट आतून-बाहेरून सुकवून गुंडाळी करा. घडी घातली तर घडीवर कोटिंग तडकतं. निफाडकडे काहीजण कांद्याच्या चाळीत ब्लोअरला हाच डक्ट लावतात. तिथे तो झाकणाच्या पिंपात ठेवा, उंदरांपायी.